एवढ्याशा गोष्टीचं तीन दिवस डोक्यात : स्वभाव की खोड?

ओंजळ | शनिवार, रात्री ११:४०

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गुरुवारी सोसायटीची मीटिंग होती. टाकी धुण्याच्या खर्चाबद्दल मी एक साधा प्रश्न विचारला. खजिनदार सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, नोटीस आधी नीट वाचत जा." दोन-चार जण हसले. पुढच्या पाच मिनिटांत आमच्या ह्यांनाही झापलं, गाडी पट्ट्याच्या बाहेर लावता म्हणून. घरी आलो. ह्यांनी हातपाय धुतले, वरणभात खाल्ला, मॅच लावली आणि साडेदहाला घोरायला लागले. मी रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत खजिनदारांना उत्तर देत होते. तिसरा मसुदा चालू होता. पहिल्यात मी फार समंजस होते, दुसऱ्यात जरा टोचून बोलले, तिसऱ्यात त्यांच्या बायकोलाही मध्ये ओढलं.

आज शनिवार, अजून तेच. आता तर खजिनदारांचा राग कमी आणि स्वतःचा जास्त येतोय, की सेहेचाळिसाव्या वर्षीही मला हे सोडून देता येत नाही.

लेक मानसशास्त्र घेऊन बीए करतेय. तिने सरावासाठी एक प्रश्नावली माझ्याकडून भरून घेतली. त्यातल्या 'न्यूरॉटिसिझम' (म्हणजे राग, काळजी, उदासी किती पटकन येते त्याचं माप) ह्या रकान्यात मला एवढे गुण पडले की म्हणाली, "आई, तू बोर्डात आलीस."

तर प्रश्न असा: राग, अपमान, भीती सगळ्यांनाच येते. मग काहींची दहा मिनिटांत ओसरते आणि काहींची मुक्कामाला का राहते? हा पिंडच असतो की बदलता येतं? तुम्ही काय करता? "विचार करू नकोस" हा सल्ला कृपया नको. तो ह्यांनी दिलाय.

---

तिरकस_तात्या | शनिवार, रात्री ११:५२

मी पयला.

विचार करू नका.

---

बंड्या_नाशिककर | रविवार, सकाळी ७:१५

मी तुमच्या ह्यांच्या पार्टीतला. बायको मला गेंडा म्हणते. ऑफिसात साहेब काही बोलला तर पार्किंगपर्यंत राग असतो, किल्ली फिरवली की संपला. ह्यात माझं काही कर्तृत्व नाही हो, जन्मापासून असाच आहे. आमच्या वडिलांचंही तसंच होतं. दुकानाला आग लागली तेव्हा म्हणाले, "चला, रंग द्यायचाच होता."

---

शेवग्याची_शेंग | रविवार, सकाळी ९:०३

ओंजळताई, या, बसा. बाकावर जागा आहे.

माझं रागापेक्षा काळजीचं आहे. मुलगा क्लासवरून सातला येतो. ७:१० ला मी गॅलरीत. ७:१५ ला फोन केला, उचलला नाही. ७:२० ला कुकरची शिट्टी झाली ती मला ॲम्ब्युलन्ससारखी ऐकू आली. ७:२५ ला मी हॉस्पिटलात पोचून रक्तगट सांगतेय (मनात). ७:३१ ला जिन्यात चपलांचा आवाज. कार्टं वडापाव खात उभं. आणि मग मी त्याला जे काही बोलले, ते ऐकून शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

म्हणजे भीती माझी आणि शिव्या त्याला. रात्री पुन्हा त्याचा पश्चात्ताप, तो वेगळा.

---

समुपदेशी | रविवार, दुपारी १२:४०

ह्याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं लिहिते.

आधी त्या शब्दाची भीती काढा. न्यूरॉटिसिझम हा आजार नाही, उंचीसारखं माप आहे. कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांतच असतं. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या मोजपट्ट्यांत ते होतं आणि आज प्रचलित असलेल्या स्वभावाच्या पाच घटकांतही आहे. गोंधळ होतो तो 'न्यूरोसिस' या जुन्या निदानामुळे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० च्या आपल्या वर्गीकरणातून ते निदान म्हणून काढूनही टाकलं.

आता तुमचा प्रश्न. नायल बोल्गर आणि ॲडम झुकरमन यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांकडून सलग १४ दिवस रोजच्या नोंदी घेतल्या. ज्यांचं न्यूरॉटिसिझम जास्त, त्यांच्या दिवसात खटके जास्त उडत होते आणि प्रत्येक खटका त्यांना लागतही जास्त होता. शिवाय सावरण्यासाठी ते करत होते ते उपायही वेगळे होते, आणि तोच उपाय सगळ्यांना सारखा लागू पडत नव्हता. म्हणून ह्यांचं औषध तुम्हाला चालेलच असं नाही.

पुढे २००५ मध्ये जेरी सल्स आणि रेने मार्टिन यांनी ह्या सगळ्याला धबधब्याची उपमा दिली. एक टप्पा दुसऱ्यावर कोसळतो. त्यातले दोन टप्पे मला रोज समोरच्या खुर्चीत दिसतात. एक, कालचा मूड आजच्या दिवसात सांडतो. दुसरा, ओळखीचं दुखणं जास्त डंख मारतं. नवीन संकटाला ही माणसं इतरांसारखीच तोंड देतात, पण जुनी ठसठस पुन्हा हलली की कळ डोक्यात जाते.

ओंजळ, "नीट वाचत जा" हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा खजिनदारांकडूनच ऐकलंत का? इथे सांगायलाच हवं असं नाही.

---

पावशेर_शेव | रविवार, दुपारी १२:५५

वाचनखूण साठवली. शेवटच्या ओळीला काटा आला.

---

काटेकोर_मास्तर | रविवार, दुपारी २:२०

माफ करा, पण हे सगळं गोल गोल वाटतं. "तुम्ही काळजी का करता? तर तुमचं न्यूरॉटिसिझम जास्त आहे. ते कशावरून? तर तुम्ही काळजी करता हे प्रश्नावलीत लिहिलंत." ह्याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत, बारसं म्हणतात.

आणि आयसेंक यांचं नाव घेताना पुढचंही सांगावं. स्वभाव आणि कॅन्सर यांचा संबंध जोडणाऱ्या त्यांच्या २६ शोधनिबंधांवर लंडनच्या किंग्ज कॉलेजने, म्हणजे त्यांच्याच संस्थेने, २०१९ मध्ये 'भरवसा ठेवण्याजोगे नाहीत' असा शेरा मारला. अशा पायावरचा इमला आम्ही का मानायचा?

---

समुपदेशी | रविवार, दुपारी ४:१०

मास्तर, आयसेंक यांचं बरोबर आहे. ते निबंध रद्दीच. पण पाच घटकांचं काम त्यांच्यावर टेकलेलं नाही, ते इतरांनी वेगळ्या वाटेने केलं.

बारशाचा मुद्दाही अर्धा मान्य. नाव दिलं म्हणून कारण कळत नाही. पण आधी मोजलं आणि पुढचं सांगता आलं, तर निव्वळ बारसं उरत नाही. सुझन नोलेन-होक्सेमा यांचं उदाहरण बघा. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. वाईट वाटलं की तुम्ही काय करता, असा विषय. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. असा योगायोग कुणी ठरवून आणू शकत नाही. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी विचारलं, तर आधीच्या कागदावर ज्यांनी 'मी त्याच त्या विचारात राहतो' अशी उत्तरं दिली होती, त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त निघाली. भूकंप सगळ्यांचा एकच.

हे रवंथ करण्याबद्दल आहे, सरळ न्यूरॉटिसिझमबद्दल नव्हे. पण दोघांचं बऱ्यापैकी सख्य आहे.

---

रोखठोक_रावसाहेब | रविवार, संध्या. ६:३०

पोट भरलेल्यांचे चोचले. आमच्या आजीला सात मुलं, दोन म्हशी आणि विहिरीचं पाणी. तिला कुठे होता वेळ न्यूरॉटिक व्हायला?

---

माजघर | रविवार, संध्या. ७:०५

रावसाहेब, तुमच्या आजीला कुणी विचारलं होतं का?

माझी आजी घाटावरच्या खेड्यातली. तिला हा शब्द माहीत नव्हता, पण तिच्याकडे बाकी सगळे होते. काळजात धस्स होणं. जीव टांगणीला लागणं. जिवाला घोर. हाय खाणं. पोटात गोळा येणं. मन खाणं. आणि सगळ्यांत वरचं: मन चिंती ते वैरी न चिंती. ज्या भाषेत एवढी शब्दसंपत्ती आहे, तिथे गिऱ्हाईक नव्हतं म्हणता? ती तिन्हीसांजेला डोक्याला फडकं बांधून अंधारात पडून राहायची. सगळे म्हणायचे, तिचं डोकं चढलंय. आज वाटतं, चढलेलं डोकं नसावं.

अवांतर, पण मुद्द्याचं: मराठीत 'लागणं' आणि 'लावून घेणं' असे दोन वेगळे प्रयोग आहेत. खजिनदारांचं बोलणं ओंजळला लागलं. ते गुरुवारी साडेआठला, दोन सेकंदांत. त्यानंतर शनिवारपर्यंत चाललंय ते लावून घेणं. पहिल्यात कर्ता खजिनदार, दुसऱ्यात आपण. ह्यांनाही लागलंच असणार. त्यांनी लावून घेतलं नाही.

---

शेवग्याची_शेंग | रविवार, संध्या. ७:२०

माजघर, हे फ्रिजवर चिकटवणार.

---

काटेकोर_मास्तर | रविवार, रात्री ८:००

व्याकरण सुंदर. पण 'लावून घेणं' म्हटलं की दोष पुन्हा त्याच माणसावर येतो. "तूच लावून घेतेस" हे घराघरांत बायकांना ऐकवायचं आवडतं वाक्य आहे. झापणारा सुटतो आणि झापून घेणारी स्वभाव तपासत बसते.

---

माजघर | रविवार, रात्री ८:१२

हे मात्र मान्य. खजिनदारांना कुणी तरी बोलायला हवंच होतं. पण रात्री दोनचा मसुदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, हा माझा मुद्दा.

---

फेरीबोट | रविवार, रात्री ९:३०

गोव्यातला आहे म्हटलं की लोक लगेच 'सुशेगाद' म्हणतात. माझ्या वडिलांना भेटा. रायबंदरहून चोडणला फेरीने जायचं, मोजून काही मिनिटांचं पाणी. पण चढल्याबरोबर ते आधी लाइफ जॅकेट मोजायचे, मग माणसं, मग दोन्हींची वजाबाकी. पलीकडे उतरल्यावर चेहरा असा उजळायचा की जणू अरबी समुद्र ओलांडून आलोय. चाळीस वर्षं रोज हेच. एकदाही फेरी बुडाली नाही, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. उलट म्हणायचे, "मी मोजतो म्हणून बुडत नाही."

---

कल्याण_स्लो | सोमवार, सकाळी १०:१५

फेरीबोट, शेवटचं वाक्य कातिल.

समुपदेशी म्हणतात ते ओळखीच्या दुखण्याचं मला आमच्या आईत तंतोतंत दिसलं. आई पक्की चिंताग्रस्त. गॅसचं बटण तीनदा बघणारी. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. बाबा अंधेरीला ऑफिसात, फोन बंद, लाइट नाही. आम्हाला वाटलं आई आता कोसळणार. बाईने पदर खोचला. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना वर आणलं, देवघरातल्या समया काढल्या, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. रडणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "पाणी चढतं तसं उतरतं, कांदा चिर." बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. आईने पाणी तापवलं, जेवायला वाढलं, एक प्रश्न विचारला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी ओल्या चपला पायपुसण्यावर काढल्या म्हणून दोन दिवस अबोला धरला. चपला पायपुसण्यावर हे त्यांचं लग्न झाल्यापासूनचं भांडण.

पूर नवीन होता. चपला जुन्या होत्या.

---

ह्यूस्टनची_सून | सोमवार, सकाळी ११:००

कल्याण_स्लो +१००. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी वादळात मी अशीच. पासपोर्ट, औषधं, घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत आधीपासून तयार, कारण मी दर वर्षी जूनमध्ये घाबरून भरून ठेवते. इतर वेळी थट्टा करणारा नवरा त्या दिवशी माझ्या मागे मागे फिरत होता. मात्र सासूबाईंचा "बघ, वेळ मिळाला तर फोन कर" हा मेसेज आला की मला अजूनही अर्धा दिवस लागतो.

ती रंगीत तालीम रोज करतो म्हणूनच खऱ्या प्रयोगाला घाम फुटत नसेल का?

---

बंड्या_नाशिककर | सोमवार, दुपारी १:३०

मग आम्हा गेंड्यांचं काय? आमच्याकडे पिशवी भरलेली नसते, हे खरंय. मागच्या वर्षी छातीत जळजळ होत होती, मी चार महिने "ॲसिडिटी आहे" म्हणून काढले. बायकोने ओढत नेलं. ॲसिडिटीच निघाली, पण डॉक्टर तिला म्हणाले, आणलंत ते चांगलं केलंत. मला काहीच म्हणाले नाहीत.

---

समुपदेशी | सोमवार, दुपारी ३:४५

बंड्या, तुमच्या बायकोच्या बाजूने आकडाही आहे. ब्रिटनच्या बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी लोकांच्या तब्येतीची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पात, नोंदवलेल्या ३,२१,४५६ माणसांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. आपली तब्येत यथातथा किंवा खराब आहे असं सांगणाऱ्यांमध्ये, न्यूरॉटिसिझम जास्त असलेल्यांना मृत्यूचा धोका थोडा कमीच निघाला. का, ते त्यातून सिद्ध होत नाही. वेळेवर दवाखाना गाठत असतील, असा एक तर्क.

आणि बदलतं का? बदलतं. वय वाढतं तसं बहुतेकांचं थोडं उतरतं. उपचारांनी किती फरक पडतो, हे ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं. उपचारांचा सरासरी काळ २४ आठवडे, आणि सगळ्यांत जास्त हललेला गुण हाच. गेंडा होत नाही कुणी. पण तीन दिवसांचा दीड दिवस होऊ शकतो, आणि तो दीड दिवस फार मोठा असतो.

एक गंभीर गोष्ट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर 'माझा स्वभावच असा' म्हणून बसू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

---

पावशेर_शेव | सोमवार, दुपारी ४:००

हे सगळं वाताचं आहे असं आमचे वैद्य म्हणतात. अभ्यंग करा.

---

तिरकस_तात्या | सोमवार, दुपारी ४:०४

आणि हिंग घ्या. खजिनदारांनाही द्या.

---

शेवग्याची_शेंग | सोमवार, रात्री ९:५०

उपायांवर कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून माझा लिहिते. थॉमस बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती आहे, मला समुपदेशकांनी शिकवली: काळजीला रोजची वेळ ठरवून द्यायची. माझी संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. दिवसा काळजी आली की चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि म्हणायचं, साडेसहाला ये. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. गच्चीवर बसून वाचायला लागले तर सातांचं काही वाटेचना. एका चिठ्ठीवर 'निळी फाईल!!' एवढंच होतं. कुठली निळी फाईल, आजतागायत कळलेलं नाही.

क्लासच्या साडेसातवर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे मी मुलाला सांगितलंय, निघताना मिस कॉल. तो देतो. चारदा विसरला, पाचव्यांदा दिला.

---

रोखठोक_रावसाहेब | मंगळवार, सकाळी ८:४०

काल आईला फोन केला. आजीबद्दल विचारलं. म्हणाली, आजी रोज रात्री उठून म्हशी बांधलेल्या आहेत का बघून यायची. पावसाळ्यात दोनदोनदा. एक म्हैस तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुटून गेली होती म्हणे.

माजघर, शब्द मागे घेतो.

---

ओंजळ | पुढचा रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं. (तीनदा.)

समुपदेशी, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस गप्प होते. आमचे वडील किराणा दुकानाचा हिशेब मला मोठ्याने वाचायला लावायचे. बेरीज चुकली की मान वर न करता म्हणायचे, "नीट वाच." दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. मी तेव्हा चौथीत. ते दुकान आणि आमची सोसायटीची मीटिंग, दोन्हीकडे त्याच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्या आत्ता लक्षात आलं.

माजघरने लिहिलं म्हणून ह्यांना विचारलं, "तुम्हाला लागलं नव्हतं का हो?" म्हणाले, "लागलं की. जिन्यापर्यंत चरफडत होतो. पण मग स्कोअर बघायचा होता." चोवीस वर्षांत मला वाटत होतं ह्यांना काही लागतच नाही.

काल लिफ्टमध्ये खजिनदार भेटले. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत आम्ही दोघंच. माझे तिन्ही मसुदे तोंडपाठ होते. ते म्हणाले, "मॅडम, टाकीवाल्याचं बिल तुम्ही म्हणालात तसं परत काढायला लावलं. अठराशे जास्त लावले होते त्याने." मी म्हणाले, "मग ते मीटिंगमध्येही सांगा." तेवढंच. आवाज थोडा कापला. दार उघडलं, मी उतरले.

मग रात्री एक वाजेपर्यंत विचार, की आवाज कापलेला त्यांना कळला असेल का. पण एकच वाजेपर्यंत. दोन नाही.

---

काटेकोर_मास्तर | रविवार, रात्री १०:४०

अठराशे! म्हणजे नोटीस तुम्हीच नीट वाचली होतीत.

---

तिरकस_तात्या | सोमवार, रात्री १:४७

ओंजळ, आता खरं सांगतो. पहिल्या दिवशी मी तो "विचार करू नका" विनोद टाकला. त्यावर एकालाही हसू आलेलं दिसलं नाही. आठ दिवस झाले, मी रोज रात्री येऊन बघतोय कुणी काही लिहिलंय का. हिंगावरही कुणी बोललं नाही. तुम्हाला राग तर आला नाही ना?

---

ओंजळ | सोमवार, रात्री १:५१

नाही हो तात्या. हिंगाला मी मोठ्याने हसले होते. झोपा आता.

---

तिरकस_तात्या | सोमवार, रात्री १:५२

तुम्ही का जाग्या आहात?